फुसाएबाईंची मोजणी

आमच्या सासूबाईंना, फुसाएबाईंना, उलटं चालता येतं. पाठ रस्त्याकडे, तोंड माणसांकडे, आणि पायऱ्या, उतार, सायकली, सहलीची पोरं सगळं चुकवत मागे मागे. एकाहत्तराव्या वर्षी! क्योतोत पर्यटकांच्या बसवर बेचाळीस वर्षं गाईड होत्या त्या, आणि पाहुण्यांना पाठ दाखवायची नाही हा त्या नोकरीचा पहिला नियम. नोकरी सुटून अकरा वर्षं झाली, नियम काही सुटला नाही. माझ्याबरोबर भाजीला निघाल्या की दहा पावलांत वळतात आणि माझ्याकडे तोंड करून चालायला लागतात. जगातल्या समस्त सुनांना सासूच्या पाठीमागे तोंड वेंगाडायची सोय असते. मला ती सोळा वर्षांत एकदाही मिळालेली नाही.

मी चिगुसा, ओसाकाची. आमच्याकडे मनात आलं की तोंडात येतं, मधे कुठे थांबा नाही. क्योतोची तऱ्हा वेगळी. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात सासूबाई मला म्हणाल्या, "चिगुसा, तुझं हसणं किती मोकळं आहे गं! कोपऱ्यावरच्या तांदळाच्या दुकानापर्यंत सगळ्यांना ऐकू जातं." मी खूश. दोन वर्षं मी आणखी मोठ्यानं हसत होते. मग एक दिवस शेजारणीनं मला बाजूला घेऊन त्याचा अर्थ सांगितला.

आणि माझा नवरा तोमोनारी म्हणजे या बाईंच्याच हाताखाली तयार झालेला. मला लग्नाची मागणी घातली ती इतक्या आडवळणानं की मला तीन दिवसांनी कळलं, तेही भांडी घासताना.

तर झालं असं, की ऑगस्टमध्ये त्याच्या साहेबानं त्याच्या कानात सांगितलं, ऑक्टोबरपासून तुझी बदली साप्पोरोला. पार उत्तरेला. कंपनीनं एक कागद दिला. तिकडे राहायला जागा केवढी लागेल ते ठरवायला त्यात एक चौकोन होता: 'एकूण माणसं किती'. सप्टेंबरातल्या तिसऱ्या सोमवारी सुट्टी, मंगळवारी सकाळी तो कागद साहेबाच्या टेबलावर पाहिजे. काही जण बायका-मुलांना मागे ठेवून एकटेच जातात, पण तोमोनारी ते ऐकूनच घेईना. "चारजण जायचं. आईला एकटी टाकून मी जाणार नाही म्हणजे नाही!" हे आमच्या घरी, टेबलावर हात आपटून. निशिजिनला आईच्या घरी गेला की तोंडात मूग. चार रविवार तो सांगायला म्हणून गेला आणि चार रविवार लोणचं घेऊन परत आला.

माझं विचाराल तर माझ्या मनात तीन होते. खोटं कशाला बोलू? हजार किलोमीटर लांब, मोकळं हसायचं, हवं तेव्हा तोंड वेंगाडायचं. देव पाण्यात घालून बसले होते मी.

चार रविवारांत तोमोनारीनं एकच काम केलं. सेलमध्ये बर्फाचे बूट घेतले. ऑगस्टमध्ये, घामाच्या धारा लागलेल्या असताना! आणि तेही एकच जोड, स्वतःचा.

"आणि आम्ही?" मी म्हटलं. "आम्ही बर्फात सपाता घालून फिरायचं?"

"माझ्याच मापाचे उरले होते गं."

तो जोड तरी घरी आणावा? तिथून हा तसाच आईकडे गेला, खोकं तिच्या दारातल्या चपलांच्या कपाटात ठेवलं, आणि विसरला. ज्या बाईपासून साप्पोरो लपवायचं तिच्याच कपाटात बर्फाचे बूट! तो कंपनीचा कागदही त्याच सुमारास घरातून नाहीसा झाला. दोन आठवडे हा गाद्या उलट्यापालट्या करत होता. यापुढे काही बोलायलाच नको.

त्या सोमवारी वृद्धांच्या सन्मानाची सुट्टी होती. तोमोनारीनं ठरवलं, आईला दिवसभर क्योतो दाखवायचं आणि कुठेतरी चांगली जागा बघून सांगायचं.

आमची इतोहा चौदा वर्षांची आहे. ती म्हणाली, "बाबा, आजीला क्योतो दाखवणार? मग उद्या मी गणिताच्या बाईंना पाढे म्हणून दाखवते."

सकाळी नऊला निजोच्या किल्ल्यापाशी भेटायचं ठरलं होतं. सासूबाई पावणेनऊलाच हजर, पांढरे हातमोजे घालून. पर्समधून त्यांनी घडी घातलेलं पिवळं निशाण काढलं, झटकलं, काठीला लावलं. मग आमच्यासमोर उभ्या राहिल्या आणि तळहात उघडा ठेवून, बोट न दाखवता, एकेकावरून हात फिरवला.

"एक, दोन, तीन. सगळे आले. चला."

तोमोनारीचा चेहरा खर्रकन उतरला. माझा दंड धरून तो कुजबुजला, "तीन म्हणाली."

"मग?"

"आपण चार आहोत, चिगुसा. आईनं उभ्या आयुष्यात मोजण्यात चूक केलेली नाही."

मी पण जरा चरकले. म्हातारपणी असं सुरू होतं म्हणतात, आधी आकडे जातात.

आत किल्ल्याच्या ओसरीवरची जमीन पाऊल पडलं की चिवचिवते. तोमोनारीला वाटलं इथे बरं, शांत आहे, माणसं कुजबुजतात. त्यानं आईला गाठलं. "आई, एक सांगायचं होतं—" चीं. "म्हणजे तसं काही विशेष नाही—" चीं चीं. "पण कंपनीत—" चीं.

"तोमोनारी, एका जागी उभा राहा बघू," सासूबाई म्हणाल्या. "तुझ्यापेक्षा जमीन स्पष्ट बोलतेय."

तेवढ्यात एका बाईनं त्यांना विचारलं की ही भिंतीवरची चित्रं कुणी काढली, आणि संपलंच. सासूबाई वळल्या, उलट्या चालायला लागल्या, आवाज लागला. तो आवाज! भाजीवाल्याशी बोलतानाचा नव्हे, गाईडचा, मधात बुडवून काढलेला. शेवटच्या दालनापर्यंत आमच्यामागे बावीस माणसं झाली होती. ती कुणा दुसऱ्याच बसची होती, कोचीहून आलेली, आणि त्यांची खरी गाईड, बिचारी कोवळी पोर, कोपऱ्यात रिकामं निशाण धरून उभी. सासूबाईंनी तिला जवळ बोलावलं, सगळी माणसं मोजून तिच्या ताब्यात दिली आणि म्हणाल्या, "तुझा आवाज किती नाजूक आहे गं. पहिल्या रांगेला फारच आवडत असेल." पोरीनं वाकून आभार मानले. तिला कळायला अजून दोन वर्षं जातील.

बाहेर आल्यावर पुन्हा हात फिरला. "एक, दोन, तीन."

तोमोनारीनं डोळे मिटून घेतले.

जेवायला आम्ही शिजोजवळ हेरिंग मासा घातलेल्या शेवयांच्या दुकानात बसलो. त्यानं दुसरा प्रयत्न केला. मी मुद्दाम गप्प राहिले. म्हटलं बघू तरी गाडी कुठून कुठे जाते.

"आई, तुला थंडी कशी वाटते?"

"सप्टेंबरात?"

"नाही, एकूण. बर्फ वगैरे."

सासूबाईंनी काड्या खाली ठेवल्या. "मी तांगोची, विसरलास? डिसेंबर ते मार्च छपराइतका बर्फ. बाप हातमागावर, आई हातमागावर, आणि मी फावडं घेऊन छपरावर. अठराव्या वर्षी पेपरात बसगाईडची जाहिरात बघितली. निळा कोट, टोपी, पांढरे हातमोजे. कोट आवडला म्हणून आले असं मी सगळ्यांना सांगते. खरं म्हणजे मी फावड्याला कंटाळले होते. त्या दिवशी ठरवलं, पुन्हा बर्फ बघायचा तर फक्त देवळाच्या छपरावर, पाहुण्यांना दाखवायला." मग गोड आवाजात, "तुला का रे आज बर्फ सुचला?"

"सहज," म्हणून तोमोनारीनं वाडग्यात तोंड घातलं ते रस्सा संपेपर्यंत वर काढलं नाही. इतोहा टेबलाखालून माझ्या पायाला पाय मारत होती, आणि मला हसू आवरत नव्हतं. मी हसलेच शेवटी, मोठ्यानं. सगळं दुकान वळून बघायला लागलं.

दुपारी कियोमिझूचं देऊळ. चढावर ही गर्दी! भाड्याच्या किमोनोतल्या पोरी, त्यांचे फोटो काढणारे पोरगे, लोणच्याचे नमुने पुढे करणारे दुकानदार. सासूबाई निशाण उंच धरून उलट्या चढत होत्या, आणि गर्दी आपोआप बाजूला होत होती. देवळाखाली पाण्याच्या तीन धारा पडतात, त्या रांगेत आम्ही उभे राहिलो. एक धार आयुष्याची, एक विद्येची, एक प्रेमाची. लांब दांड्याच्या पळीत कुठलीही एकच धरायची. तिन्ही पिणारा हावरट, त्याला काहीच मिळत नाही.

"तुझ्या आजोबांनी तिन्ही प्यायल्या होत्या," सासूबाईंनी इतोहाला सांगितलं.

ही गोष्ट आम्हाला तोंडपाठ आहे, पण त्या जागेवर कधी ऐकली नव्हती. बाई तेव्हा बावीस वर्षांच्या. गिफूहून छत्र्या करणाऱ्यांची सहल आली होती, एक्केचाळीस माणसं. कियोमिझूहून निघताना त्यांनी मोजली, बरोबर एक्केचाळीस. वाटेतली आणखी देवळं करून बस निजोला पोचली तेव्हा मागच्या सीटवर टोपीखाली झोपलेला एक म्हातारा जागा झाला आणि म्हणाला, "माझी बस कुठाय?" तो भलत्याच सहलीतला, साके पिऊन चुकून चढलेला. म्हणजे आपला एक माणूस मागे राहिला! बाई टॅक्सी करून परत आल्या. चार तास झाले होते. यासुहिरा नावाचा तो छत्रीवाला पाण्याच्या धारांपाशी ताठ उभा. भुकेला, आणि लघवी दाबून दाबून तोंड हिरवं झालेला.

"अहो, निदान त्या कामाला तरी जायचं होतं," बाई म्हणाल्या.

"तुम्हीच सकाळी सांगितलंत," तो म्हणाला, "हरवलात तर जागचं हलू नका, मी येते."

"इतका सांगितलेलं ऐकणारा पुरुष पुन्हा कुठे मिळणार?" सासूबाई म्हणाल्या. "मी लग्नच करून टाकलं. आणि त्या दिवसापासून नुसती डोकी मोजत नाही, तोंडं बघते."

इतोहा हसली. सासूबाईंनी पळी जागेवर ठेवली, हातमोजे घातले, तळहात फिरवला. "एक, दोन, तीन."

तोमोनारी फुटला. "चार! आई, चार! आपण चार आहोत! सकाळपासून तू तीन मोजतेयस! आपण आजच्या आज डॉक्टरकडे जाऊ—"

"आज सुट्टी आहे," त्या म्हणाल्या. "आणि गाईडच्या पोटी जन्मलास, एवढं कळू नये? गाईड स्वतःला मोजत नाही. मोजायचं ते पुढे न्यायच्या माणसांना."

"म्हणजे?"

"म्हणजे साप्पोरोला जाणारे तीन."

मागचा एक माणूस म्हणाला की रांग पुढे सरकवा, आणि आम्ही चौघं बाजूला झालो.

"तुला कसं..." तोमोनारी.

"ऑगस्टात माझ्या कपाटात बर्फाचे बूट! मला काय वाटेल, निशिजिनला हिमवादळ येणार? आणि एकच जोड आणलास गाढवा. बायको-पोरीनं काय करायचं? त्याच खोक्यात हे पण होतं." त्यांनी पर्समधून कंपनीचा लखोटा काढला. "उद्या द्यायचाय ना? चार रविवार वाट बघितली, म्हटलं आता बोलेल, मग बोलेल. लोणचं संपलं माझं."

तोमोनारीनं लखोटा उघडला. 'एकूण माणसं किती' या चौकोनात पेन्सिलीनं, गोल सुबक अक्षरात, ३ लिहिलेलं होतं.

"आई, तू चल ना," तो म्हणाला. सरळ म्हणाला. सोळा वर्षांत मी त्याचं पहिलं सरळ वाक्य ऐकलं. "तुला इथे एकटी टाकून मला तिथे झोप नाही लागणार."

सासूबाईंनी निशाणानं खालचा उतार दाखवला. तिथे ओतानीची थडगी आहेत, दाटीवाटीनं, हजारो. सासरे सहा वर्षांपासून तिथेच आहेत. "त्याच्या अस्थी ठेवल्या तेव्हा मी सांगून आलेय, हलू नकोस, मी येते. आणि तुझा बाप कसा होता तुला माहीत आहे. तो हलायचा नाही. आता मी साप्पोरोला जाऊ?"

तोमोनारी नाक पुसत उभा राहिला. आणि मला काय व्हायला हवं होतं? आनंद! तीन! मागितलं ते पदरात पडलं होतं. पण मला राग आला, असा राग की कान तापले. सगळ्या जगाला मोजत बसायचं आणि स्वतःला सोडून द्यायचं, ही कुठली पद्धत?

खाली गोजोझाकाच्या थांब्यावर आलो. त्यांची बस वेगळी, आमची वेगळी. "आधी पाहुणे जातात," म्हणून त्यांनी आम्हाला आमच्या बसमध्ये चढवलं, आणि थांब्यावर उभ्या राहून दोन्ही हात डोक्यावर नेऊन हलवायला लागल्या. बस दिसेनाशी होईपर्यंत हात खाली आणायचे नाहीत, हाही नियम. आम्ही मागच्या काचेतून वाकून वाकून निरोप घेतला. छान झालं.

पण बस दिसेनाशी होईल तर ना! सुट्टीची संध्याकाळ, गोजोचा रस्ता, पुढे सिग्नलपर्यंत गाड्याच गाड्या. वीस हात गेली आणि थांबली. सासूबाई हात हलवतायत. आम्ही वाकलो. सिग्नल हिरवा झाला, लाल झाला, बस जागची हलली नाही. सासूबाई हात हलवतायत. आम्ही पुन्हा वाकलो. शेजारचे लोकही आता वाकायला लागले, आपण कुणाला निरोप देतोय हे माहीत नसताना. पाच मिनिटं झाली. त्यांचा डावा हात खाली यायला लागला, त्यांनी तो उजव्या हातानं वर ढकलला आणि पुन्हा हलवायला घेतला.

"आजीला सांगा ना कुणीतरी, बास म्हणून," इतोहा म्हणाली. ती रडत होती.

मी ड्रायव्हरकडे गेले. म्हटलं दार उघडा. तो म्हणाला, थांबे सोडून मधे उघडता येत नाही. मी परत मागे आले, वरची काच सरकवली, तोंड बाहेर काढलं आणि ओसाकाच्या माझ्या सगळ्या पूर्वजांना स्मरून ओरडले.

"आई! हात खाली घ्या!"

"बस दिसतेय अजून!" त्या गाईडच्या आवाजात.

"दिसू दे! खांदा निखळेल!"

"चिगुसा, तुझा आवाज किती मोकळा आहे गं!"

आता या टोमण्यावर मी रडायला लागले. भर बसमध्ये, हमसून हमसून. तीन वर्षांपूर्वी बाजारातून येताना ही बाई अशीच माझ्याकडे तोंड करून उलटी चालत होती. अचानक थांबली, म्हणाली, "आज तुझं तोंड बरोबर नाही," आणि मी नाही नाही म्हणत असताना मला टॅक्सीत घालून दवाखान्यात नेलं. अपेंडिक्स फुटायला आलं होतं. तोमोनारीला त्या सकाळी मी समोर बसून चहा दिला होता, त्याला काही दिसलं नव्हतं. माझ्या तोंडाकडे इतकं कुणी बघितलेलं नाही, जन्म देणाऱ्या आईनंसुद्धा नाही. सोळा वर्षं मी त्या नजरेतून सुटायला बघत होते, आणि आता ती वीस हातांवर उभी होती आणि तिला मोजणारं कोणी नव्हतं.

"आई!" मी पुन्हा ओरडले. "जागचं हलू नका! मी येते!"

त्यांचे हात थांबले. क्षणभरच. बस सुटली, आणि ते पुन्हा हलायला लागले, वळणापर्यंत.

मी येऊन तोमोनारीशेजारी बसले. लखोटा त्याच्या मांडीवर होता. मी त्याच्या खिशातलं पेन काढून त्याच्या हातात दिलं.

"बूट किती जोड आणलेस?"

"एक," तो घाबरत म्हणाला. "पण तुमचे आपण तिकडे—"

"मग तेच लिही."

त्यानं माझ्याकडे बघितलं, मग इतोहाकडे. इतोहानं डोळे पुसले, पिशवीतून खोडरबर काढला आणि बापाच्या हातावर ठेवला.